खटक्याचं गिऱ्हाईक

घडीचा चाकू लोक डोळ्यांनी पारखून घेतात, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहिलं की कळतं, तो कानाने घेतला जातो. गिऱ्हाईक पात्याचं पोलाद विचारत नाही, मुठीचे स्क्रू बघत नाही, धारेला नख लावत नाही. बोट दाबतं, ‘खट्ट’ होतं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यावरून भाव निघतो. आवाज भरीव असला तर ४५० रुपये, पातळ असला तर ३००. पाती दोन्हींची एकाच पत्र्यातून कापलेली असली तरी कुणी विचारत नाही.

लातूरच्या गंजगोलाईत आमच्या चुलत्यांचं लोखंडी सामानाचं दुकान. निजामाच्या राज्यात फय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने या गोलाईचा आराखडा काढला आणि १९१७ साली मधली दुमजली गोल इमारत उभी राहिली. पोटात जगदंबेचं मंदिर, चहूबाजूंना फुटलेले १६ रस्ते; कुठं सोनं, कुठं मिरची, कुठं गूळ, कुठं वहाणा. आमच्याकडे विळे, खुरपी, कुऱ्हाडी, साखळ्या आणि दाराजवळच्या काचेच्या पेटीत चाकू. पूर्वी त्या पेटीत दोनच जाती असत. एक लाकडी मुठीचा, नखाने ओढून उघडायचा. दुसरा लाल मुठीचा, दहा-बारा अवजारांचा, ‘स्विस’ म्हणून खपणारा. स्वित्झर्लंडशी त्याचं नातं फक्त त्या पांढऱ्या फुलीपुरतं. मग तिसरा आला आणि पेटीसमोर पोरांची गर्दी व्हायला लागली. कुणी त्याला ‘टिचकीचा’ म्हणतं, कुणी ‘हाफ ऑटोमॅटिक’.

बाजारात या चाकवाच्या विक्रीचं एक गुपित आहे. ते मी इथं फोडलं म्हणून गोलाईत कुणी मला चहा पाजायचं थांबवणार नाही, कारण ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. सकाळी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, की काही दुकानदार बारक्या स्टार स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक चाकवाच्या बिजागरीचा स्क्रू पाव फेरा सैल करतात आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतात. दिवसभर पातं असं उडतं की बघत राहावं. गिऱ्हाईक घरी जातं आणि चार दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की उघडलेलं पातं डाव्या-उजव्या बाजूला डुलतंय. जरा डोकं असलेला माणूस स्क्रू आवळतो. मग पातं अर्ध्यात अडकतं. तो परत येतो, “मालक, कमान गेली की ह्याची.” कमान गेलेली नसते. दुकानदार गंभीर चेहरा करून आत जातो, स्क्रू पुन्हा पाव फेरा सैल करतो, तेल सोडतो आणि ‘दुरुस्ती’चे पन्नास रुपये घेतो. आमचे चुलते या खेळात नसत. त्यांचं कारण नीतीचं नव्हतं. “परत येणारं गिऱ्हाईक उभा राहून गप्पा मारतंय, दुसऱ्याला आत येऊ देईना,” एवढंच ते म्हणायचे.

आता हा चाकू चालतो कसा ते थोडं सांगतो, कारण विकणाऱ्यांतल्याही निम्म्यांना ते माहीत नसतं. याला बटण नसतं. पात्याच्या बुडाशी एक छोटं शेपूट मुठीबाहेर आलेलं असतं, किंवा पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असते. मुठीच्या आत बिजागरीपाशी तारेची एक कमान बसवलेली असते. चाकू मिटलेला असताना हीच कमान पात्याला आत दाबून धरते. तुम्ही बोटाने पातं थोडं बाहेर काढलं, साधारण २०-३० अंश, की कमानीच्या जोराची दिशा उलटते आणि उरलेलं काम ती स्वतः करते. जुन्या वायरिंगच्या खटक्याच्या बटणाचं असंच असतं. ते मधे कधी थांबत नाही, इकडे तरी असतं नाहीतर तिकडे. बटणाच्या चाकवात पातं सदैव उडायच्या तयारीत दबा धरून असतं आणि एक खीळ तेवढी त्याला अडवून ठेवते. टिचकीच्या चाकवात मिटलेलं पातं मिटलेलंच राहू पाहतं. हा फरक ज्याला कळला त्याने चाकू घ्यायला हरकत नाही.

ही युक्ती जन्मली तीच कायद्यापायी. अमेरिकेत १९५८ साली बटणाच्या चाकवांच्या आंतरराज्य व्यापारावर केंद्राचा कायदा आला. चाकू बनवणाऱ्यांनी वाट काढली: बटण नको, सुरुवात माणसाने करायची, शेवट कमानीने. १९९० च्या दशकात ब्लॅकी कॉलिन्स आणि हवाईचे केन ओनियन यांनी अशा रचना बाजारात आणल्या. ओनियन यांची रचना एका मोठ्या कंपनीने उचलली आणि जगभर नकलांचा पूर आला. २००९ साली अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती केली आणि ज्या चाकवाच्या रचनेतच मिटलेलं राहण्याकडे ओढ आहे, तो बटणाच्या चाकवांतून वगळला. गोलाईत जो माल येतो तो या नकलांच्या नकलांचा. मुठीवर बंदुकीच्या कंपनीचं नाव, पात्यावर ‘४४०’ असा छाप. ४४० म्हणजे नेमकं काय, ते छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही. या नावाची ए, बी, सी अशी तीन पोलादं आहेत. ए मध्ये कार्बन पाऊण टक्क्याच्या आत, सी मध्ये एक टक्क्याच्या आसपास, आणि धार टिकण्यात चांगलाच फरक. छापात अक्षर नाही म्हणजे दुकानदाराने काही खोटं सांगितलेलं नाही, आणि खरंही नाही.

पण अमेरिकेच्या कायद्याचं लातूरच्या पोराला काय? त्याच्या डोक्यात रामपुरी असतो. ‘वक्त’ हा सिनेमा १९६५ चा, राजकुमारच्या हातातला तो चाकवाचा प्रसंग त्याच्या बापाने पाहिलेला, आणि बापाने पोराला नक्कल करून दाखवलेली. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा चाकू. उघडताना गरारीचा कडकड आवाज करायचा. त्या आवाजाने समोरचा घाबरावा, हाच त्याचा उपयोग. आता रामपुरात चौकात सुमारे २० फुटांचा चाकू उभारलाय, २०२३ साली. म्हणजे हत्याराचं स्मारक झालं. आमच्या चुलत्यांकडे पूर्वी कुणी दबक्या आवाजात “रामपुरी हाय का?” असं विचारलं की ते तितक्याच दबक्या आवाजात, “नाही, विळी हाय, न्यायची का?” म्हणायचे.

चाकू पारखणारा खरा माणूस मला लातुरात भेटला नाही, नांदेडला भेटला. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या आसपास कडे, कंगवे, किरपाण, तलवारी यांची दुकानंच दुकानं. गुरू गोविंदसिंगांचे शेवटचे दिवस या गावात गेले, १७०८ साली. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधवली. इथं शस्त्र हा श्रद्धेचा भाग आहे. दिवाळीच्या सुमारास गोदावरीच्या पाण्याने तख्ताचं आणि शस्त्रांचं स्नान होतं, दसऱ्याला आणि होळीला हल्लाबोलची मिरवणूक नंग्या तलवारींनिशी निघते. या सगळ्या पोलादाला ज्यांचे हात लागत आले ते शिकलकरी. आज त्यांच्यातले कितीतरी जण कढया, चाळण्या, बादल्या, किल्ल्या बनवून पोट भरतात. त्यांच्यातले एक काका आमच्याकडच्या विळ्यांना धार लावून द्यायचे. नाव त्यांनी सांगू नको म्हटलंय.

पहिल्यांदा टिचकीचा चाकू घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा माझी अपेक्षा होती की ते एकदा तरी ‘खट्ट’ करतील. त्यांनी केलं नाही. पातं चिमटीत धरून सावकाश, कमानीला दाबून ठेवत, पूर्ण उघडलं. मग डोळ्याजवळ नेऊन मुठीच्या फटीत पाहिलं. आतली जी पत्री पात्याच्या बुडाखाली सरकून त्याला अडकवते, ती बुडाच्या किती भागाला टेकते ते त्यांना बघायचं होतं. पत्री काठाशी जेमतेम टेकली तर दाब येताच घसरेल. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली तर ती आत्ताच झिजलेली आहे. मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून त्यांनी चाकवाची पाठ लाकडी ओंडक्यावर हलकेच दोनदा आपटली. दुसऱ्या आपटीला पातं मिटलं. काकांनी चाकू माझ्याकडे सरकवला.

“आवाज कू क्या चाटना है? ये तुम्हारी उंगली पे बंद होगा.”

त्यानंतर गोलाईतला कुठलाही चाकू मी अशाच नजरेने पाहायला लागलो, आणि खरं सांगायचं तर पेटीतला बराच माल त्या ओंडक्यापुढे टिकला नसता. पत्री अडकवायची ही रचना साध्या हाताने बनवलेल्या चाकवांत उत्तम चालते. स्वस्त नकलेत पत्री ॲल्युमिनियमच्या मुठीत बसवलेली, पातळ, आणि बुडाचा उतार डोळ्यांच्या अंदाजाने घासलेला. उघडण्याचा खर्च कारखानदार करतो, कारण ते दुकानात दिसतं. अडकवण्याचा खर्च वाचवतो, कारण ते दुकानात कुणी तपासत नाही.

काकांकडे येणाऱ्या दुरुस्त्यांचं एक वेगळंच शास्त्र होतं. अर्धापूरचा केळीवाला दर हंगामात यायचा. अर्धापूर तालुक्यात केळी उदंड. घड उतरवताना, वाळली पानं कापताना, सुतळी तोडताना चाकू लागतोच. केळीचा चीक निघतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळला की काळा, चिवट होऊन बसतो. साध्या घडीच्या चाकवात तो गेला तर चाकू जड उघडतो, एवढंच. कमानीच्या चाकवात तो तारेभोवती आणि बिजागरीच्या चकत्यांत शिरतो आणि मग पातं निम्म्यावर उभं राहतं; पुढं ढकलायला कमानीत जोर उरत नाही आणि मागे सारायला गेलं तर ती विरोध करते. धार उघडी, चाकू ना उघडा ना मिटलेला. शेतकऱ्याने त्यावर रॉकेल ओतलं, मग खाद्यतेल ओतलं, मग त्या तेलावर काळ्या रानाची धूळ बसली. काकांनी सगळं सुटं करून धुतलं, पुसलं, आणि तेलाऐवजी पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची भुकटी बिजागरीत घातली. कुलूपवाले हेच करतात. कोरड्या भुकटीवर धूळ कमी बसते. पण त्याला त्यांनी सांगितलं ते असं की केळीत हा चाकू नेऊच नको, साधा विळा ने, हा खिशात मिरवायला ठेव.

मिरवण्याचीही एक कथा आहे. लातूरच्या एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीने शेजारच्या लायनीतून असा चाकू घेतला. त्यातली कमान जरा आळशी, पातं आत धरून ठेवायचा तिचा जोर उतरलेला. औसा रोडला मोटारसायकलवरून जाताना खड्ड्यात गाडी आदळली आणि पॅन्टच्या खिशात चाकवाचं शेपूट किल्ल्यांच्या जुडग्याला अडकलं. मांडीला लागलं ते खरचटण्यापुरतंच. पॅन्ट मात्र वरपासून गुडघ्यापर्यंत फाटली. तो तसाच, फाईलने झाकत, डॉक्टरांच्या भेटी करून आला. तेव्हापासून पेटीतला प्रत्येक टिचकीचा चाकू विकण्याआधी मुठीत मिटलेला धरून, टोक खाली करून, दुसऱ्या तळहातावर जोरात आपटून पाहायची पद्धत आमच्याकडे सुरू झाली. पातं जरासुद्धा डोकावलं की तो चाकू बाजूला. चुलते त्या ढिगाला ‘उघडेनागडे’ म्हणायचे.

खिशाचं आलंय म्हणून सांगतो. या चाकवांच्या मुठीला जी क्लिप असते ती जीन्ससाठी बनवलेली आहे. आमचं निम्मं गिऱ्हाईक धोतर आणि नेहरू शर्टातलं. शर्टाच्या मऊ खिशाला ती क्लिप लावली की आठवड्यात खिसाच उसवतो. म्हाताऱ्यांनी यावर केव्हाच उपाय शोधला: क्लिपचे स्क्रू काढून ती फेकून द्यायची आणि चाकू चंचीत, अडकित्त्याशेजारी ठेवायचा. मराठवाड्याच्या माणसाने रोज अंगावर बाळगलेलं पोलाद म्हणजे पूर्वीपासून अडकित्ताच, त्याला कसली कमान आणि कसलं काय.

एवढं सगळं ऐकून वाटेल की मी टिचकीच्या चाकवाच्या विरोधात आहे. तसं नाही. नांदेड-लातूर रस्त्यावर, लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्षात तिथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल यांचा बाजार. लोखंडी अवजारांची दुकानं लावायला घिसाडीही येतात आणि आम्हीही माल पाहायला जायचो. एकदा एका खोंडाचं दावं टेम्पोच्या मागच्या हुकात अडकलं, फास आवळत गेला आणि खोंड आडवं पडलं. मालकाच्या डाव्या हातात वेसण. ती सोडली असती तर खोंडाने स्वतःचं नाक फाडलं असतं किंवा त्याच्या पोटात लाथ घातली असती. उजव्या हाताने त्याने खिशातून चाकू काढला, तर्जनीने शेपूट दाबलं आणि दोन झटक्यांत दावं कापलं. नखाने ओढायचा चाकू तिथं उघडलाच नसता. लोक अशा वेळी दात लावून चाकू उघडतात. ओठ चिरलेले दोघं-तिघं मला ठाऊक आहेत. दुसरा हात अडकलेला असतो अशा माणसांसाठीच हा चाकू आहे: जनावरं सांभाळणारा, खांबावर चढणारा वायरमन, शिडीवर उभा राहून ठिबकची १६ मिलिमीटरची नळी एका हाताने धरून दुसऱ्याने कापणारा. बाकीच्यांना दोन्ही हात मोकळे असतात.

त्या खोंडवाल्याचा पुढचा प्रकार मात्र कुणी सांगत नाही. दावं तुटलं, खोंड उठलं, आणि उघडा चाकू त्याला एका हाताने मिटवता येईना. पत्री अंगठ्याने बाजूला सारायची, त्याच वेळी पातं वळवायचं, आणि अंगठा पात्याच्या वाटेत. शेवटी त्याने तो जमिनीत रोवला आणि खोंडामागे पळाला.

मिटवण्याची परीक्षा घेऊन चाकू घेणारं गिऱ्हाईक आमच्या दुकानात मला एकच आठवतं, आणि त्या होत्या एक पशुवैद्यक. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या, देवणी गायींच्या गावांतून फिरणाऱ्या. चुलत्यांनी सवयीप्रमाणे पेटीतला सगळ्यात खणखणीत आवाजाचा चाकू पुढे केला. डॉक्टरताईंनी तो उघडलाच नाही.

“काका, जरा पाण्याचा तांब्या द्याल? आणि साबण.”

त्यांनी हात ओले करून फेस केला आणि मग एकेक चाकू उघडून मिटवून पाहायला लागल्या. गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या मुठी लगेच बाद झाल्या. त्या डावखुऱ्या होत्या. पत्रीचं कुलूप उजव्या अंगठ्याच्या सोयीने केलेलं असतं, डाव्या हाताने ते तर्जनीने ओढून सोडवावं लागतं. तेही बाद. शेवटी त्यांनी जो घेतला त्यात कमान नव्हतीच: पात्यावर अंगठा घालायला मोठं भोक, आणि मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायचं कुलूप, म्हणजे डाव्या-उजव्याचा प्रश्नच नाही. ही भोकाची कल्पना साल ग्लेसर या अमेरिकी माणसाची, १९८१ ची. एका हाताने उघडायला कमान लागतेच असं नाही, हे त्या चाकवाने केव्हाच सिद्ध केलंय. पण त्याला आवाज नाही, म्हणून तो आमच्या पेटीत मागच्या रांगेत धूळ खात होता. जाताना ताईंनी मुठीच्या भोकात ओवायला भगव्या नाड्याचा तुकडा मागून घेतला. कडब्यात पडला तर दिसायला हवा ना!

पोलादाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर पैजा लावणारी माणसं वेगळी आहेत आणि त्यांची वेळही वेगळी असते. चार-पाच हजारांच्या चाकवात ‘डी२’ नावाचं पोलाद मिळतं. दीड टक्का कार्बन, धार बराच काळ टिकते. पण बोथट झालं की घरच्या कुरुंदाच्या दगडावर दम काढतं, आणि क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असल्यामुळे लिंबू, कैरीचा चीक, घाम यांचे डाग धरतं. आमच्याकडे चाकवाला धार लावतात ती विहिरीच्या काठावरच्या किंवा उंबऱ्याच्या दगडावर. त्या दगडावर स्वस्तातलं चिनी ‘८सीआर१३एमओव्ही’ किंवा स्वीडनचं ‘१४सी२८एन’ पाच मिनिटांत जागेवर येतं. शेतकऱ्याला हेच बरं. ज्याला काकांसारखा माणूस हाताशी आहे त्याने हवं ते घ्यावं. खंडेनवमीला चाकवांवर ओलं हळदकुंकू लावून रात्रभर तसेच ठेवायची हौस मात्र कुठल्याच पोलादाला सोसत नाही. दसऱ्याच्या सकाळी आमच्या दुकानातलं पहिलं काम ते पुसण्याचंच.

आता कायदा. याविषयी काउंटरवर जितकी ठोकून दिलेली विधानं मी ऐकली तितकी कशाविषयीही नाहीत. “चार बोटांपर्यंत चालतंय,” हे सगळ्यात लोकप्रिय. शस्त्र कायदा १९५९ चा आणि आजचे नियम २०१६ चे. त्यांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं नोंदवलेली आहेत. घरकाम, शेती, विज्ञान, उद्योग यांसाठी बनवलेली पाती वगळून. खिशातला ३ इंची चाकू या मापाच्या कितीतरी आत बसतो. पण पोलीस ठाण्याची भाषा निराळी. कुणाकडे हत्यार सापडलं की शस्त्र कायद्याचं कलम ‘४/२५’ लागतं, सणावाराला मनाई आदेश असला की महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ आणि त्याच्या भंगासाठी १३५. मनाई आदेशात सुरे-चाकू बाळगायलाही बंदी असते आणि तिथं पात्याच्या मापाचा वाद घालत बसायला कुणाला वेळ नसतो. गोलाईतला एक जुना हवालदार चुलत्यांना म्हणायचा, “मालक, चाकू कुठं हाय त्यावर केस ठरती. केळीच्या रानात असला तर अवजार, पानटपरीवर असला तर हत्यार.” कायद्याच्या पुस्तकात हे असं लिहिलेलं नाही. पण खिशात चाकू ठेवणाऱ्याने ते लक्षात ठेवावं. २०१८ च्या मे महिन्यात औरंगाबादेत दंगल झाली आणि महिनाअखेरीस तिथल्या पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी आणि चाकू पकडले. त्यानंतर बरेच दिवस आमच्याकडे कुणी पेटीकडे फिरकलं नाही, आणि जे फिरकले ते पावती मागत होते.

नांदेडचा पेच आणखी मजेशीर. इथून सचखंड एक्स्प्रेस दिल्लीवरून अमृतसरला जाते. इथं घेतलेला टिचकीचा चाकू पिशवीत घालून माणूस दिल्लीला उतरला की तिथं वेगळाच नियम: १९८० ची एक अधिसूचना, तिच्यात बटणाचे, गरारीचे आणि कुठल्याही यांत्रिक करामतीने उघडणारे चाकू आले, पातं ७.६२ सेंटिमीटर आणि रुंदी १.७२ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर. म्हणजे जेमतेम ३ इंच. किरपाणाची गोष्ट अर्थातच अलग. ती धारण करण्याचा हक्क शिखांना संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने दिलाय, आणि देशांतर्गत विमानातही १५.२४ सेंटिमीटरपर्यंतच्या पात्याची किरपाण त्यांना सोबत ठेवता येते. एक गिऱ्हाईक काकांना विचारत होतं, तोच हिशेब मांडून मलाही चाकू सोबत ठेवता येईल का. काकांनी त्याला नुसतं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

काकांकडे मग गेल्या काही वर्षांत एक नवंच काम वाढलं. चाकू चांगला, पातं चांगलं, पण कमान नको, असं म्हणणारे लोक. कुणाची कमान तुटलेली, कुणाची चिकाने मेलेली, कुणाला पोराबाळांच्या घरात ती नको. काका मूठ उघडतात, तार चिमट्याने काढतात, बिजागरीला भुकटी घालतात आणि स्क्रू नीट आवळतात. चाकू साधा होऊन जातो. पातं आत धरायला पत्रीवरची बारीक गोळी पुरते. काढलेल्या तारा एका पत्र्याच्या डब्यात जमा होतात, प्रत्येकीला गिऱ्हाईकाच्या नावाची चिठ्ठी बांधून. चिठ्ठी कशाला, असं मी एकदा विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, पण तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. विष्णुपुरीकडचा एक तरुण, आठवडाभरापूर्वीच कमान काढून गेलेला.

“काका, चाकू एक नंबर चालायलाय. पण ती कमान बसवून द्या की परत.”

“का? अटकता क्या?”

“अटकत नाही हो. पानटपरीवर कुणी बघंनाच गेलंय.”

काकांनी डबा ओढला, चिठ्ठी शोधली आणि माझ्याकडे न बघता त्याला दर सांगितला. काढायचे वीस रुपये असतात, बसवायचे चाळीस.